टायरोसिन घेतल्याने डोकं खरंच चालतं का? घ्यायच्या आधी, घेताना आणि घेतल्यावर काय बघायचं

मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते आणि स्पर्धा परीक्षेची पोरं, नाईट शिफ्टवाले, आयटीवाले, हल्ली तर त्यांचे आईवडीलसुद्धा एकच प्रश्न घेऊन येतात, की मॅडम, स्मरणशक्तीसाठी कुठलं अमिनो ॲसिड घेऊ? सोबत मोबाईलवर एखाद्या डब्याचा फोटो असतो, त्यावर मेंदूचं चित्र आणि फोकस, मेमरी असे मोठ्ठे शब्द. या सगळ्यात ज्याच्यावर खरोखर बऱ्यापैकी अभ्यास झालाय ते म्हणजे एल-टायरोसिन, म्हणून मुख्यतः त्याच्याबद्दलच लिहितेय, बाकीच्यांचं शेवटी थोडक्यात सांगते. माझं मत आधीच सांगून टाकते म्हणजे पुढचं वाचताना ते डोक्यात राहील: टायरोसिन थकलेल्या, ताणाखाली पिळून निघालेल्या मेंदूला परत मूळ पातळीवर यायला मदत करू शकतं, पण नीट झोपलेल्या, नीट जेवलेल्या, निवांत बसलेल्या माणसाला त्यातून जास्तीचं काही मिळतं असं दिसत नाही.

आधी हे आत जाऊन करतं काय ते समजून घ्या

अमिनो ॲसिड म्हणजे ज्यांच्यापासून प्रोटीन बनतं ते सुटे घटक. त्यातलं टायरोसिन आपल्याला डाळ, दूध, पनीर, अंडी, मटण, शेंगदाणे सगळ्यातून मिळतं, शिवाय फेनिलअलॅनिन नावाच्या दुसऱ्या अमिनो ॲसिडपासून लिव्हर ते बनवतंही. मेंदूत गेल्यावर त्याचं एल-डोपा होतं, मग डोपामिन आणि त्यातून पुढे नॉरॲड्रेनलिन, ही दोन्ही मेंदूच्या पेशींमध्ये संदेश नेणारी रसायनं. कपाळामागचा मेंदूचा जो भाग गोष्टी थोडा वेळ डोक्यात धरून ठेवतो आणि नको तिथे ब्रेक लावतो, तो या दोघांवर बराच अवलंबून असतो.

मग कुणालाही वाटेल की कच्चा माल वाढवला की डोपामिनही वाढणार. तसं होत नाही. टायरोसिनचं एल-डोपा करणारं जे एन्झाइम आहे त्याच्याकडे एरवी पुरेसा कच्चा माल असतोच, वर डोपामिन जास्त साचलं की तेच एन्झाइमला थांबवतं, त्यामुळे शांत स्थितीत तुम्ही कितीही ओतलंत तरी फार फरक पडत नाही. पण थंडी, आवाज, जागरण, एकाच वेळी चार कामं असा ताण आला की त्या पेशी भराभर संदेश सोडायला लागतात, साठा खर्च होतो, आणि अशा वेळी बाहेरून आलेलं टायरोसिन कामी येतं. सगळा खेळ इथेच आहे, जाहिरातीत मात्र हा भाग कधीच नसतो.

पुरावा कुठला म्हणाल तर सुरुवात अमेरिकन सैन्याच्या संशोधनातून झाली. १९८९ मध्ये तिथल्या संशोधकांनी काही सैनिकांना १५ अंश थंडीत आणि ४,२०० ते ४,७०० मीटर उंचीवर असते तेवढ्या विरळ हवेत साडेचार तास ठेवलं, वजनाच्या दर किलोमागे १०० मिलिग्रॅम टायरोसिन दिलं, तर ज्यांना त्या वातावरणाचा जास्त त्रास होत होता त्यांची लक्षणं, मूड आणि कामगिरी सुधारली. १९९४ चा एक अभ्यास मला सगळ्यात बोलका वाटतो. त्यात ४ अंश थंडीत माणसांची वर्किंग मेमरी, म्हणजे गोष्टी थोडा वेळ डोक्यात धरून ठेवायची ताकद, घसरली, टायरोसिन दिल्यावर ती परत जागेवर आली, आणि त्याच लोकांना २२ अंशांच्या आरामशीर खोलीत दिलं तेव्हा काहीच वेगळं घडलं नाही. १९९९ मध्ये नेदरलँड्समध्ये खडतर लष्करी प्रशिक्षणातल्या २१ कॅडेट्सपैकी १० जणांना टायरोसिन असलेलं प्रोटीनचं पेय आणि ११ जणांना तेवढ्याच कॅलरीचं कार्बोहायड्रेटचं पेय दिलं, तर टायरोसिनवाल्यांनी स्मरणाच्या चाचणीत बरं केलं, मूडवर मात्र काही परिणाम नाही. मग २०१३ पासून नेदरलँड्समधल्याच लायडन विद्यापीठात विद्यार्थ्यांवर प्रयोग झाले, तिथे फक्त २ ग्रॅम संत्र्याच्या ज्यूसमधून दिले होते आणि निकाल गमतीशीर आले: सोप्या चाचणीत फरक शून्य, अवघड चाचणीत थोडा फायदा. हे सगळे अभ्यास छोटे आहेत हं, मोजकी माणसं, बहुतेक तरुण आणि निरोगी, आणि बऱ्याचदा एकाच डोसनंतर लगेच तपासलेली. महिनोन् महिने रोज घेतल्यावर काय होतं याचं उत्तर त्यातून मिळत नाही.

पायरी १: तुम्हाला हे घ्यायलाच नको का, ते आधी तपासा

ही पायरी कुणीही गाळू नका, प्लीज. अमिनो ॲसिड म्हणजे साधं अन्नच की, असं म्हणून लोक डॉक्टरांना सांगतच नाहीत आणि मला खरी काळजी त्याचीच वाटते.

डिप्रेशनसाठीची एमएओ इन्हिबिटर गटातली औषधं चालू असतील तर टायरोसिन नाहीच, बीपी एकदम भयंकर वाढू शकतं. पार्किन्सनच्या सेलेजिलिन, रासाजिलिन या गोळ्यासुद्धा त्याच कुळातल्या. आणि लिनेझोलिड नावाचं अँटिबायोटिक, जे नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या टीबीत देतात, तेही थोडंफार तसंच वागतं, घरात कुणाची टीबीची ट्रीटमेंट चालू असेल तर हे लक्षात ठेवाच. लेवोडोपा घेणाऱ्यांनाही नको, कारण आतड्यातून आणि पुढे मेंदूत शिरताना दोघं एकाच दारातून जातात, मग औषधच कमी पोचतं.

थायरॉइडचं सांगायला हवं, कारण आपल्याकडे घरटी एक तरी थायरॉइडची गोळी असतेच. थायरॉइडचं हार्मोन टायरोसिनपासूनच बनतं, म्हणून ज्यांचं थायरॉइड वाढलेलं आहे त्यांनी लांब राहायचं, आणि कमी आहे म्हणून सकाळी गोळी घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करायचं नाही. आपण होऊन टायरोसिन घेतलं की थायरॉइड बरा होतो असं कुणी सांगत असेल तर ऐकू नका.

बीपी जास्त असणारे, मायग्रेनवाले, एडीएचडीची औषधं घेणारे, यांनी आधी विचारायचं. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी आणि १८ खालच्या मुलांनी घ्यायचं नाही. दहावी-बारावीच्या मुलांसाठी पालक विचारतात तेव्हा माझं उत्तर ठाम नाही असंच असतं.

आणि साठीच्या पुढचे. आईला हल्ली आठवत नाही म्हणून तिच्यासाठी डबा घेऊन जाणारी मुलं मी बघते तेव्हा थांबवते, कारण २०१७ मध्ये वयस्कर लोकांना किलोमागे १००, १५० आणि २०० मिलिग्रॅम देऊन बघितलं होतं, रक्तातलं टायरोसिन डोसप्रमाणे वाढत गेलं, वर्किंग मेमरी मात्र मोठ्या डोसला उलट घसरली. डोपामिनचं असंच आहे, कमी पडलं तरी काम बिघडतं आणि जास्त झालं तरी बिघडतं, आणि वयानुसार ती मधली जागा सरकते. म्हातारपणी विसरायला होतंय तर आधी बी १२, थायरॉइड, शुगर, ऐकू येणं, झोप आणि चालू गोळ्यांची यादी तपासून घ्या, त्यातलं बरंच काही दुरुस्त होण्यासारखं असतं.

पायरी २: ताटातलं प्रोटीन मोजा

आयसीएमआर आणि हैदराबादच्या एनआयएनने (राष्ट्रीय पोषण संस्थेने) २०२० मध्ये दिलेल्या शिफारशीप्रमाणे मोठ्या माणसाला दिवसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रोटीन लागतं, म्हणजे ६० किलोच्या माणसाला साधारण ५० ग्रॅम. आता मेसचा डबा उघडून बघा. एका चपातीत ३ ग्रॅमच्या आसपास, घट्ट वरणाच्या वाटीत ६-७ ग्रॅम, पण मेसची आमटी इतकी पातळ असते की तिच्यात निम्मंही नसतं, बटाट्याच्या भाजीत जवळपास नाहीच, भातात थोडंसं. सकाळी पोहे, दुपारी डबा, संध्याकाळी वडापाव, रात्री परत डबा असं खाणारा मुलगा बऱ्याचदा ३०-३५ ग्रॅमवरच थांबतो. त्याला टायरोसिनच्या कॅप्सूल कशाला हव्यात, त्याला जेवण हवंय. दोन अंडी म्हणजे १२ ग्रॅम, १०० ग्रॅम पनीर म्हणजे १८ च्या आसपास, मूठभर शेंगदाणे ७-८, कोरडे ३० ग्रॅम सोयाबीन चंक्स भिजवून भाजीत टाकले तर १५ ग्रॅम. १०० ग्रॅम पनीरमध्ये टायरोसिनच जवळजवळ १ ग्रॅम असतं! ६० किलोच्या माणसाला फेनिलअलॅनिन आणि टायरोसिन मिळून दिवसाची गरज दीड ग्रॅम धरतात, हे आकडे शेजारी ठेवून बघा. आधी दोन-तीन आठवडे हे करा, मग पुढे जा.

झोपेचंही तेच. १९९५ च्या एका अभ्यासात रात्रभर जागवलेल्या लोकांना किलोमागे १५० मिलिग्रॅम टायरोसिन दिलं तेव्हा कामगिरीची घसरण साधारण तीन तास थोपवली गेली. तीन तास, बस. त्यानंतर झोपेचं देणं तसंच उभं.

पायरी ३: नेमकं काय सुधारायचंय ते ठरवा

स्मरणशक्ती म्हणून आपण तीन वेगळ्या गोष्टी एकत्र करतो. काल वाचलेली कलमं आज आठवणं हे दीर्घकालीन स्मरण, त्यासाठी टायरोसिनचा भरवसा नाही, तिथे उजळणी आणि झोपच कामाची. टायरोसिनचा संबंध येतो तो वर्किंग मेमरीशी, म्हणजे गणित सोडवताना मधला आकडा डोक्यात धरून ठेवणं, आणि कॉग्निटिव्ह कंट्रोलशी, म्हणजे सवयीने फोनकडे निघालेला हात मध्येच आवरणं किंवा एका कामातून दुसऱ्यात पटकन जाणं.

वर्किंग मेमरी मोजायला टू-बॅक नावाची चाचणी असते, मोबाईलवर फुकट ॲप मिळतात. स्क्रीनवर एकेक अक्षर येतं, समजा ट, स, ट, प, र, प, आणि आत्ताचं अक्षर दोन घरं आधीच्या अक्षरासारखं असेल तरच बटण दाबायचं. म्हणजे पहिल्या स च्या नंतर ट आला की दाबायचं, र नंतर प आला की दाबायचं, बाकी वेळेला हात गप्प. वाचायला सोपं वाटतं, करून बघा, दहाव्या अक्षरापर्यंत कपाळाला आठ्या पडतात, कारण प्रत्येक नवीन अक्षरासोबत जुनी रांग एकेक घर पुढे सरकवावी लागते आणि मध्ये कुणी हाक मारली की सगळी रांग पडते. लायडनच्या प्रयोगात वन-बॅकमध्ये टायरोसिनने काही केलं नाही, टू-बॅकमध्ये फायदा दिसला तो याच कारणाने असावा. ब्रेक मोजायला स्टॉप-सिग्नल चाचणी, बाणाच्या दिशेने बटण दाबत राहायचं आणि बाणाचा रंग अचानक बदलला की सुरू झालेलं बोट थांबवायचं.

पायरी ४: डबा निवडताना

साधं एल-टायरोसिन घ्या. एन-ॲसिटिल टायरोसिन म्हणून एक महागडा प्रकार मिळतो, तो पाण्यात छान विरघळतो म्हणून त्याची जाहिरात होते, पण शिरेतून देऊन बघितल्यावर त्याचा बराच भाग लघवीतून जसाच्या तसा बाहेर पडतो आणि रक्तातलं टायरोसिन फारसं वाढत नाही. पैसे वाया.

लेबलवर एफएसएसएआयचा १४ आकडी लायसन्स नंबर असतो, तो त्यांच्या साइटवर टाकून कंपनीचं नाव जुळतंय का बघा. हेल्थ सप्लिमेंट आणि औषधी वापरासाठी नाही अशी ओळ असायला हवी. दहा-बारा घटक एकत्र करून खाली एकच एकूण वजन लिहिलेलं ब्लेंड घेऊ नका, कारण त्यात टायरोसिन किती आहे हे तुम्हाला कधीच कळणार नाही. स्पर्धेत खेळणाऱ्यांनी तर बाहेरच्या लॅबने बॅच तपासल्याची खूण असल्याशिवाय काहीच घेऊ नये, भेसळीमुळे डोपिंगमध्ये अडकणं फुकटचं दुखणं.

शुद्धता ही हौस म्हणून बघायची गोष्ट नाही. १९८९ मध्ये अमेरिकेत ट्रिप्टोफॅन या दुसऱ्या अमिनो ॲसिडच्या दूषित मालामुळे इओसिनोफिलिया-मायाल्जिया नावाचा आजार पसरला, दीड हजारांवर लोक आजारी पडले, तीसहून जास्त दगावले.

पायरी ५: किती, कधी, कशात

बऱ्याच अभ्यासांतले डोस किलोमागे १०० ते १५० मिलिग्रॅम, म्हणजे ६० किलोला ६ ते ९ ग्रॅम. बाजारातली कॅप्सूल ५०० मिलिग्रॅमची. म्हणजे १२ ते १८ कॅप्सूल एका बैठकीत! हे मी तुम्ही घ्याव्यात म्हणून अजिबात सांगत नाहीये, तर एक कॅप्सूल घेऊन डोकं लख्ख झालं असं कुणी म्हणालं तर ते बहुतेक मनाचे खेळ आहेत हे कळावं म्हणून सांगतेय. घरच्या घरी २ ग्रॅमच्या वर मी कुणाला जाऊ देत नाही, आणि पहिल्या दिवशी फक्त ५००, दुसऱ्या वेळी १ ग्रॅम, काही त्रास नाही झाला तर २.

वेळ: रक्तात ते एक-दोन तासांत वर जातं आणि पुढे काही तास वरच राहतं, म्हणून अवघड कामाच्या तासभर आधी घ्यायचं. पोट रिकामं किंवा हलकं हवं. व्हे प्रोटीन, अंडी, पनीर यांच्यासोबत घेतलंत तर ल्युसिन, व्हॅलिन, ट्रिप्टोफॅन हे सगळे मेंदूत शिरायला त्याच दारात उभे असतात आणि तुमचं टायरोसिन मागे पडतं. जिमवाले बीसीएए (ल्युसिन, व्हॅलिन वगैरेंची पावडर) पितात त्यानेही हेच होतं. रिकाम्या पोटी मळमळत असेल तर एखादं केळं खा. दुपारी चारनंतर नको, काहींची झोप उडते.

पावडर घेतलीत तर एक अडचण येईल. एल-टायरोसिन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, लिटरभर पाण्यात अर्धा ग्रॅमसुद्धा नाही, त्यामुळे ग्लासात २ ग्रॅम टाकून कितीही ढवळा, पांढरी रवाळ कणी कडेला चिकटते आणि उरलेली तळाशी बसते, आणि लोक वरचं पाणी पिऊन ग्लास धुवायला टाकतात, म्हणजे डोस गेला बेसिनमध्ये. संत्र्याच्या ज्यूसमध्ये टाका, सतत ढवळत प्या, शेवटी परत थोडा ज्यूस घालून ग्लास खंगाळून तोही पिऊन टाका. चमच्याच्या अंदाजाने मोजू नका, पावडर किती दाबली यावर वजन बदलतं. दशांश ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या नाहीतर सरळ कॅप्सूल घ्या.

पायरी ६: स्वतःवर नीट तपासा, आणि परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदा नको

पैसे दिलेत की फरक जाणवायला लागतो, माणसाचा स्वभावच आहे तो. म्हणून रूममेटला कामाला लावा. त्याने सारख्या दिसणाऱ्या रिकाम्या कॅप्सूलमध्ये निम्म्यात टायरोसिन आणि निम्म्यात कॉर्नफ्लोअर भरायचं, आठ पुड्या करून त्यावर दिवस १ ते ८ लिहायचं, चार खऱ्या आणि चार खोट्या, क्रम त्याने चिठ्ठ्या टाकून ठरवायचा आणि यादी पाकिटात बंद करून स्वतःकडे ठेवायची. तुम्हाला काहीच सांगायचं नाही.

त्याआधी आठवडाभर टू-बॅकची नुसती प्रॅक्टिस करा, कारण सुरुवातीला सरावानेच स्कोअर वाढतो आणि त्याचं श्रेय कॅप्सूलला जातं. मग प्रयोगाचे दिवस सलग न घेता एकेक दिवस सोडून घ्या. सगळ्या दिवशी उठायची वेळ तीच, चहा तेवढाच, पेपरच्या तासभर आधी कॅप्सूल, आणि चाचणी निवांत सकाळी न घेता दोन-अडीच तासांच्या मॉक पेपरनंतर लगेच घ्या, कारण ताणाशिवाय यात काही दिसणारच नाही. टू-बॅकचा स्कोअर, पेपरमधल्या सिली मिस्टेक्स किती, रात्री झोप कशी लागली, एवढं वहीत लिहा. जमलं तर बीपीही. आठ दिवस झाले की आधी तुम्ही अंदाज लिहा कुठले दिवस खरे होते, मग पाकीट उघडा. अंदाज निम्मेच बरोबर आले आणि स्कोअरही सारखेच असले तर तुमच्यासाठी यात काही नाही, आणि हे कळायला रोजचा खर्च सुरू करावा लागला नाही हे उत्तमच. आठ दिवसांवरून शास्त्रीय निष्कर्ष निघत नाही, ठाऊक आहे, पण नुसत्या वाटण्यापेक्षा बरं.

बाकीच्यांबद्दल पटकन

थिएनिन चहात असतंच, सप्लिमेंटमध्ये १०० ते २०० मिलिग्रॅम असतं आणि कॅफीनसोबत घेतल्यावर लक्ष टिकायला थोडी मदत होते असं काही अभ्यासात दिसलंय. ट्रिप्टोफॅन आणि ५-एचटीपी डिप्रेशनच्या गोळ्यांसोबत कधीच नाही, सेरोटोनिन धोकादायक पातळीवर जाऊ शकतं. ग्लायसिन झोपायच्या आधी ३ ग्रॅम घेतल्यावर झोप बरी लागली असं जपानमधल्या छोट्या अभ्यासांत लोकांनी सांगितलं.

शाकाहारी लोकांनी क्रिएटिनकडे मात्र जरा बघावं. ते आर्जिनिन, ग्लायसिन आणि मेथिओनिनपासून शरीर बनवतं आणि अन्नातून मुख्यतः मटण-मासळीतून येतं. २००३ मध्ये ऑस्ट्रेलियात ४५ शाकाहारी तरुणांना सहा आठवडे रोज ५ ग्रॅम दिलं तेव्हा वर्किंग मेमरी सुधारली, पण २०२३ च्या सव्वाशेच्या आसपास लोकांवरच्या अभ्यासात फरक अगदी किरकोळ निघाला. किडनीचा त्रास असेल तर नको, आणि घेत असाल तर रक्त तपासणीच्या आधी डॉक्टरांना सांगा, किडनीच्या तपासणीतला क्रिएटिनिनचा आकडा वाढलेला येतो आणि उगाच घाबरगुंडी उडते.

कधी थांबायचं

डोकं दुखणं, धडधड, चिडचिड, छातीत जळजळ, झोप न लागणं, यातलं काही झालं तर त्याच दिवशी बंद. अचानक जोरात डोकेदुखी, छातीत दुखणं किंवा बीपी खूप वाढलेलं दिसलं तर थेट हॉस्पिटल, आणि जाताना तो डबा पिशवीत टाकून घेऊन जा, म्हणजे नाव सांगता सांगता वेळ जाणार नाही. फायदा दिसला असला तरी रोजची सवय लावू नका, मॉक पेपर, नाईट शिफ्ट, लांबलचक डेडलाइन अशा मोजक्या दिवसांपुरतं ठेवा आणि नवीन कुठलीही गोळी सुरू झाली की पुन्हा पायरी १ पासून बघा.